युरोव्हिजन यंग डान्सर्स : सगळं छान, पण पाय दाखवा की!

हे परीक्षण बंद पडलेल्या कार्यक्रमाचं आहे, हे आधीच सांगून टाकते. युरोव्हिजन यंग डान्सर्स ही युरोपातल्या तरुण नर्तकांची स्पर्धा शेवटची १६ डिसेंबर २०१७ला प्रागच्या फोरम कार्लीन सभागृहात झाली, त्यानंतर भरलीच नाही. तरीही लिहायला बसलेय, कारण तिचे तुकडे यूट्यूबवर अजून सापडतात, आणि माझ्या वर्गातल्या मोठ्या मुली ‘ताई, तिकडे आमच्या वयाची मुलं कशी नाचतात हो?’ असं विचारतात तेव्हा मी पहिल्यांदा हेच लावून देते. सोबत माझी बडबड फुकट. त्याच बडबडीची ही लेखी आवृत्ती.

मी कथक शिकवते. बॅले मला करता येत नाही, बघता बऱ्यापैकी येतो. जाणकारांनी पुढे दात-ओठ खाऊ नयेत म्हणून हेही आत्ताच कबूल.

युरोव्हिजन म्हटलं की बहुतेकांना गाण्यांची स्पर्धा आठवते. १९५६ पासून चाललेली, चमचमते कपडे, धूर, आगीचे लोळ आणि मध्यरात्रीपर्यंत देशोदेशीचे गुण. ही नाचाची स्पर्धा म्हणजे त्या घरातलं धाकटं, अबोल भावंड. भरवणारी संस्था तीच, युरोपातल्या सार्वजनिक वाहिन्यांची संघटना असलेली युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन. सुरुवात १९८५ला इटलीतल्या रेज्जो एमिलियात झाली. ठरलेली चाल अशी की दर दोन वर्षांनी एका शहरात जमायचं, प्रत्येक देशाच्या वाहिनीनं आपला स्पर्धक निवडून पाठवायचा, आणि अंतिम फेरी एकाच वेळी अनेक देशांत दाखवायची. स्पर्धकाचं वय १६ ते २१, आणि तो व्यावसायिक नर्तक म्हणून काम करत नसला पाहिजे.

ही शेवटची अट वाचून गॅदरिंगचा दर्जा असेल अशी कुणाची समजूत झाली असेल, तर ती पहिल्या दोन मिनिटांतच फिटते. यातली बरीचशी मुलं लहानपणापासून नृत्यशाळेत दिवसाचे कित्येक तास घाम गाळणारी आहेत. पगार तेवढा सुरू व्हायचा असतो. पहिली विजेती स्पेनची अरान्चा आर्ग्वेयेस. ती सारागोसाच्या मारिया दे आविला यांची शिष्या. याच बाईंच्या हाताखालून व्हिक्तोर उयाते, आना लागुना, त्रिनिदाद सेव्हियानो ही मंडळी बाहेर पडली. एका शहरातली एक शिक्षिका, आणि तिच्या वर्गातून इतके नर्तक! मला विजेत्यांपेक्षा अशा बाईंबद्दल जास्त कुतूहल वाटतं, पण कार्यक्रमात शिक्षकांना कोण विचारतो? स्पेननं ही स्पर्धा एकूण पाच वेळा जिंकली, नव्वदच्या दशकात तर ओळीनं. १९९३ची विजेती झेनाइदा यानोव्स्की दुसऱ्याच वर्षी लंडनच्या रॉयल बॅले या नृत्यकंपनीत गेली आणि २०१७ पर्यंत तिथे नाचली. १९९९ला लियाँमध्ये जिंकलेली जर्मनीची कात्या व्युन्शे पुढे श्टुटगार्ट बॅलेची प्रमुख नर्तकी झाली. म्हणजे पंचांची नजर वाईट नव्हती.

या कार्यक्रमाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच, पंच. प्रेक्षकांची मतं नाहीत, फोन नाहीत, ‘यांना वाचवायचं असेल तर’ वगैरे काही नाही. नृत्यक्षेत्रात आयुष्य घालवलेली मोजकी माणसं बसतात, बघतात, ठरवतात. कुणी टेबलावर चढत नाही. कुणी सतरा वर्षांच्या पोराला ‘आज मजा नाही आली’ असं ऐकवून जाहिरातीला निघून जात नाही. ओळखीची छोटी फीत दाखवतात, मूल येतं, नाचतं, जातं. रडारड नसलेला नाचाचा कार्यक्रम बघायला सुरुवातीला चुकल्यासारखं वाटतं. डोळ्यांना आणि कानांना सवय व्हायला वेळ लागतो.

फोनवर मतं घेतली की काय होतं, याचा प्रयोगही याच संघटनेनं करून बघितलाय. २००७ला लंडनमध्ये आणि २००८ला ग्लासगोमध्ये युरोव्हिजन डान्स कॉन्टेस्ट नावाचा वेगळा कार्यक्रम झाला. जोडीनं बॉलरूम नाच, घरबसल्या मतदान, सूत्रसंचालनाला ग्रॅहॅम नॉर्टन आणि क्लॉडिया विंकलमन. पहिल्यांदा फिनलंड जिंकलं, दुसऱ्यांदा पोलंड. तिसऱ्यांदा काही झालं नाही. मी त्याचे तुकडे बघितले, करमणूक झाली, लक्षात एकही पाऊल राहिलं नाही. गंमत म्हणजे याच काळात तरुणांची स्पर्धा मात्र खोळंबली. २००५च्या वॉर्सानंतर ती थेट २०११ला ऑस्लोमध्ये भरली. मधल्या वर्षांत जी मुलं सोळाची एकवीस झाली, त्यांची संधी गेली ती गेलीच.

आता तक्रार. मोठी आहे, जरा बसून ऐका.

बॅलेत फुएते नावाचा चक्करांचा प्रकार असतो. एका पायाच्या टोकावर उभं राहायचं, दुसरा पाय हवेत सपकन फिरवायचा आणि त्या झटक्यावर गर्रकन वळायचं. टाच क्षणभर खाली, गुडघा किंचित वाकला, पुन्हा वर, पुन्हा चक्कर. असं ओळीनं कितीतरी वेळा. बघणारा मोजत बसतो, दहा झाले, पंधरा झाले. खरी परीक्षा उभ्या पायाची असते. तो जागा सोडतो का? सुरुवात केली तिथेच शेवट झाला, की पोरगी हातभर पुढे सरकली? कथकच्या चक्करांचंही तसंच. मी वर्गात फरशीवर खडूनं फुली मारते आणि मुलींना तिच्यावर उभं करते. पहिल्या पाच चक्करांनंतर सगळ्या फुलीवर असतात. पुढच्या दहांनंतर कोण कुठे आहे हे बघितलं की वर्षभराचा रियाज कळतो.

या कार्यक्रमात कॅमेरा करतो काय, तर मुलगी सरकली की तिच्याबरोबर हळूच सरकतो. ती चौकटीच्या मधोमधच दिसत राहते. मागे काळा पडदा, खाली काळी जमीन, खुणेला काही नाही. ती हातभर सरकली की तिळभरही नाही, हे घरी बसलेल्याला कळणार कसं? पंचांना कळतं, ते सभागृहात बसलेत. मग निकाल लागला की आपण म्हणायचं, ‘अरे, ही तर किती छान फिरली होती, हिला का नाही?’

उडीचंही तेच रडगाणं. कॅमेरा खाली ठेवून वर रोखला की कुणाचीही उडी उंच दिसते. उडी कशी आहे हे कळतं ती संपते तेव्हा. आधी बोटं, मग चवडा, मग टाच टेकते, गुडघा वजन झेलतो, आणि आवाज जवळजवळ येत नाही. नेमक्या त्याच क्षणी दिग्दर्शकाला चेहरा दाखवायचा असतो! हवेत पाय फाकलेला मुलगा, कट, घामाघूम हसरा चेहरा. मधला सगळा अभ्यास संकलनात गेला.

हॉलिवूडचा नर्तक-नट फ्रेड अस्टेअर १९३०च्या दशकात हटून बसायचा की मी नाचत असताना डोक्यापासून पायापर्यंत सगळा दिसलो पाहिजे आणि शॉट शक्य तितका सलग पाहिजे. त्याला हे तेव्हा कळलं होतं. मला या विषयावर जरा जास्तच बोलायला होतं, त्याला कारण आहे. एका वाहिनीच्या कार्यक्रमात माझ्या विद्यार्थिनींनी झपतालात ततकार, म्हणजे नुसत्या पावलांचं काम, केलं होतं. लयीची पलटी इतकी सुंदर घेतली होती पोरींनी. प्रक्षेपणात पूर्ण वेळ कंबरेच्या वरचा भाग. घुंगरांचा आवाज येतोय आणि पडद्यावर सहा मुलींचे झुमके हलताहेत. आई-बाप खूश, मी गप्प.

न्यायाला धरून हेही सांगायला हवं की कंटेम्पररी नाचाला हाच कॅमेरा फार मानवतो. शेवटच्या काही वर्षांच्या स्पर्धांमध्ये या शैलीचा भरणा जास्त आहे. जमिनीवर लोळत, सरपटत, एका खांद्यावर भार घेऊन उलटं होत जाणारं शरीर वरून घेतलेल्या शॉटमध्ये असं काही दिसतं की सभागृहात पहिल्या रांगेत बसूनही दिसलं नसतं. पाठीचे स्नायू एकामागून एक जागे होताना जवळून बघणं हाही एक आनंद आहे. तिथे मी माझी तक्रार मागे घेते. पण मग बॅलेच्या मुलीवर हा अन्यायच झाला ना? एकाच रात्री, एकाच पडद्यावर, एकीची कला कॅमेरा खुलवतो आणि दुसरीची कापतो.

आवाजाबद्दल थोडक्यात. ध्वनिमुद्रित संगीत इतकं पुढे असतं की श्वास आणि पावलं दोन्ही बुडतात. पॉइंट शूजची, म्हणजे बॅलेतल्या कडक टोकाच्या बुटांची, टकटक ऐकू येणं काही बॅलेवाल्यांना आवडत नाही म्हणे. मला आवडतं. घुंगरांत वाढलेल्या बाईचा हा दोष समजा.

शेवटच्या काही वर्षांच्या स्पर्धांमध्ये एक फार चांगली गोष्ट होती ती म्हणजे समूहनृत्य. स्पर्धक अंतिम फेरीच्या आधी एकत्र येतात, नृत्यदिग्दर्शकाबरोबर तालीम करतात आणि सगळे मिळून एक रचना सादर करतात. एकट्याचा नाच ही महिनोन्‌महिने घोटलेली गोष्ट असते. त्यात मूल काय शिकलंय ते दिसतं. समूहनृत्यात मूल किती लवकर शिकतं ते दिसतं, आणि पुढे नृत्यकंपनीत काम मिळायचं असेल तर दुसरी गोष्टच जास्त उपयोगी. बॅलेतून आलेलीचा कणा वर खेचलेला, मान लांब, वजन जणू छातीत. हिपहॉपवाल्याचं सगळं वजन गुडघ्यांत आणि जमिनीत. दोघांना सारखीच हालचाल दिली की दोन वेगळ्या बोलीत एकच वाक्य ऐकल्यासारखं होतं. काही जण दिग्दर्शकाची बोली पकडतात, काहींना आपलीच सुटत नाही. मी मुलींना हा भाग पुन्हा पुन्हा दाखवते आणि दर वेळी एकाच नर्तकावर नजर ठेवायला सांगते. कोण डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याकडे बघून नाचतो? कोण ओठांतल्या ओठांत मोजतो? कुणाला बघायची गरजच पडत नाही, शेजारच्याचा श्वास ऐकून तो निघतो? समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, सगळे एकत्र येतात ते काही टाळ्यांसाठी नसतं, हे सांगून सांगून माझा घसा बसलाय. इथे ते न सांगता दिसतं.

त्याच्या लगेच पुढची गोष्ट मात्र माझ्या डोक्यात जाते. सगळ्यांचे नाच झाले की पंच दोघांना निवडतात आणि त्या दोघांना समोरासमोर उभं करून शेवटचा सामना. सामना! टीव्हीला शेवटी काहीतरी थरार लागतो हे मला समजतं. पण आत्ता ज्या मुलांना एकमेकांच्या श्वासावर नाचायला शिकवलं, त्यातल्याच दोघांना लगेच आखाड्यात उतरवायचं? शिवाय मधल्या वेळात अंग थंड होतं. थांबून थांबून आखडलेले स्नायू घेऊन पुन्हा पूर्ण ताकदीनं नाचणं हे तरुण शरीरालाही बरं नाही. माझ्या हातात असतं तर मी समूहनृत्यावरच निकाल लावला असता. जुन्या फेऱ्यांमध्ये तर जोडीनं भाग घेता यायचा आणि जोडी जिंकायचीही. १९९५ला लोझानमध्ये स्पेनचे हेसूस पास्तोर आणि रुथ मिरो असेच एकत्र जिंकले. जोडीत एकमेकांना सावरावं लागतं. ते मला सामन्यापेक्षा जास्त नाट्यमय वाटतं, पण माझं कोण ऐकतंय.

अजून एक खटकतं. बॅले, कंटेम्पररी, हिपहॉप, सगळं एकाच तराजूत. पंचांनी काय मोजलं हे प्रेक्षकाला धड समजत नाही. निकाल कळतो, कारण कळत नाही. आरडाओरडा न करणारे पंच मला हवेतच, पण दोन वाक्यं शांतपणे बोलायला काय हरकत होती? ‘हिचं संतुलन अमुक ठिकाणी अचूक होतं, त्याचं शेवटच्या तिसऱ्या भागात ढिलं पडलं.’ इतकं पुरलं असतं. प्रेक्षकाला नाच बघायला शिकवायची केवढी संधी होती ती.

आणि अभिनय? डोळे, भुवया, एका ओळीवर दहा भाव? ते इथे शोधू नका, तो या स्पर्धेचा प्रांतच नाही. आपल्या शैलींना जागा असलेली स्पर्धा बघायची असेल तर बीबीसी यंग डान्सरकडे वळा. ती ब्रिटनपुरती. २०१५ला सुरू झाली तेव्हा तिच्यात चार गट होते, बॅले, कंटेम्पररी, हिपहॉप आणि चौथा दक्षिण आशियाई नृत्याचा. पहिल्याच वर्षी त्या गटात विद्या पटेल कथक करून पहिली आली. तिचे तुकडे बघताना मी उगीचच खुर्चीच्या टोकावर येऊन बसले होते. २०२२ला तर भरतनाट्यम करणारी आध्या शास्त्री सगळ्या शैलींच्या नर्तकांमधून विजेती ठरली. वेगळे गट ठेवले की तुलना न्यायाची होते असं माझं मत होतं. आध्यानं ते थोडं हलवलं.

ज्यांच्या घरात बॅले शिकणारं मूल आहे त्यांनी युरोव्हिजनपेक्षा प्री द लोझान बघावं. स्वित्झर्लंडमधली ही स्पर्धा १९७३ पासून चालू आहे, वय १५ ते १८. तिथे फक्त अंतिम नाचावर भागत नाही. आठवडाभराचे वर्ग सुरू असतात आणि पंच वर्गातही मुलांना बघतात. दुरुस्ती सांगितल्यावर कोण ती लगेच अंगात भिनवतं, हे तिथे तोललं जातं. बक्षीस म्हणून नामांकित शाळांत किंवा कंपन्यांत शिकायची शिष्यवृत्ती. हे वर्ग इंटरनेटवर बघता येतात, आणि खरं सांगू, अंतिम फेरीपेक्षा मला तेच जास्त आवडतात. करमणूक म्हणून मात्र घरातले बाकीचे लोक दहा मिनिटांत उठून जातील. युरोव्हिजनची फेरी सगळं घर बसून बघू शकतं, ही तिची जमेची बाजू.

कुठून सुरू करावं? १९८५ आणि आसपासच्या फेऱ्या चित्राच्या दर्जामुळे डोळ्यांवर ताण आणतात, पण तेव्हाचा कॅमेरा कमी हलतो, म्हणून पाय जास्त दिसतात! माझ्यासारख्यांनी तिथूनच सुरुवात करावी. बाकीच्यांनी २०११ ऑस्लो (नॉर्वेचा डॅनियल सार, घरच्याच मैदानावर जिंकला), २०१३ ग्दान्स्क (नेदरलंड्सचा सेड्रिग व्हरवूर्ट, आता तो स्वतः नृत्यरचना करतो) आणि २०१५ पिल्सेन (पोलंडची व्हिक्टोरिया नोवाक) अशा क्रमानं यावं. तुकड्यांखालच्या प्रतिक्रिया वाचू नका. तिथे कुणाच्या देशावर अन्याय झाला याची भांडणं असतात.

पाचपैकी साडेतीन तारे. पंचांना पूर्ण गुण, कॅमेऱ्याला दीड, समूहनृत्याला माझ्याकडून शाबासकी, सामन्याला शून्य.

२०१७चा निकाल मी इथे मुद्दाम लिहिलेला नाही. आठ देश होते. आठही जणांचे नाच बघा, निकाल यायच्या आधी थांबवा, आणि घरातल्या प्रत्येकाला आपापले दोघं कागदावर लिहायला लावा. आमच्या वर्गात चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा पंचांशी फक्त एकीचं जुळलं होतं, आणि ती मागच्याच महिन्यात नाव घातलेली सगळ्यात नवी मुलगी निघाली. बाकीच्या अजून माझ्याशी वाद घालताहेत.